घरच्यांचे मेडिकल रेकॉर्ड मोबाईलवर कसे ठेवायचे, आणि कॉम्प्युटरवर कुठे विसंबायचं नाही

रात्री साडेअकराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं आणि आम्ही पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो, तर ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने मला तीनच प्रश्न विचारले. आधी स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळी) टाकलाय तो कुठल्या शिरेत, शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) किती होतं, आणि रक्त पातळ करायची गोळी कुठली चालू आहे. तिन्हीपैकी एकही मला सांगता आलं नाही. अँजिओप्लास्टी, म्हणजे तो स्टेंट टाकायचं काम, सात वर्षांपूर्वी गावाकडच्या हॉस्पिटलमध्ये झालेली, तिथे फोन लावला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, मॅडम मध्ये आमचं सॉफ्टवेअर बदललं, जुन्या पेशंटचं काही दिसत नाही इथे. कागद होते, पण ते गावी, कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत. अँजिओग्राफीला, म्हणजे हृदयाच्या शिरा बघायच्या तपासणीला, जो डाय वापरतात तो किडनीतून बाहेर पडतो म्हणून क्रिएटिनिन बघितल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं, मग रक्त घेतलं, रिपोर्ट यायची वाट बघितली, आणि तो सगळा वेळ बाबा कॉटवर डोळे मिटून पडलेले.

बाबा आता बरे आहेत. पण त्या रात्रीनंतर मी दोन महिने दर रविवारी बसून आई-बाबांची सगळी फाइल नीट लावली, आणि मग मावशीची, सासूबाईंची पण. त्यात जे जे समजलं ते पायरी पायरीने लिहिते, कारण बहुतेक घरांत ती पिशवी अशीच कपाटात असते.

आधी कॉम्प्युटरने काय मिळतं आणि काय जातं

फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पहिली गोष्ट अक्षर, टाइप केलेली चिठ्ठी मेडिकलवाल्याला अंदाजाने वाचावी लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच हॉस्पिटलमध्ये पाच वर्षं जात असाल तर डॉक्टरांना तुमचे पाच वर्षांचे आकडे एका रांगेत दिसतात. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. बाबांचं क्रिएटिनिन १.१ होतं, मग १.२, मग १.४. प्रत्येक रिपोर्ट वेगळा बघितला तर लॅबच्या रेंजच्या जरासा इकडे तिकडे, कोणी काही बोललं नाही, पण तिन्ही ओळीने बघितल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी किडनीला त्रास नको म्हणून गुडघ्याची पेनकिलर त्याच दिवशी बंद केली. सुट्या कागदांवर हा चढ दिसतच नाही. शिवाय ॲलर्जी एकदा नोंदली आणि सॉफ्टवेअर चांगलं असेल तर तीच गोळी परत लिहिताना डॉक्टरांना स्क्रीनवर इशारा येतो. आणि महिन्यापूर्वी केलेली तीच टेस्ट परत करायची वेळ कमी येते, पैसे पण वाचतात आणि म्हाताऱ्या माणसाला सारखं टोचणं पण.

तोटे मात्र फार कोणी सांगत नाही. सर्व्हर बंद तर सगळं बंद. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला ओपीडी, भरती, लॅबचे रिपोर्ट हे सगळं जवळपास दोन आठवडे हाताने कागदावर करावं लागलं. दुसरा तोटा, चूक एकदा आत गेली की ती फिरत राहते, कारण पुढच्या वेळी मागचंच कॉपी-पेस्ट होतं. तिसरा म्हणजे प्रत्येक हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर वेगळं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही, आणि सॉफ्टवेअर बदललं की आमच्यासारखं होतं. आणि डॉक्टर टायपिंग करताना पेशंटकडे बघत नाहीत ही तक्रार तर सगळ्यांचीच आहे. यात डॉक्टरांचाही दोष नाही, एका ओपीडीत इतके पेशंट असतात की बघणार कधी आणि टाइप करणार कधी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरचा फायदा पुरेपूर घ्या पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत तुमच्या स्वतःच्या हातात पाहिजे. ती कशी ठेवायची ते आता बघू.

पायरी १ : कागद एका जागी आणा आणि वर्षाप्रमाणे लावा

सगळ्या पिशव्या, गादीखालच्या फाइली, देवघराच्या कप्प्यातले कागद, सगळं एका चादरीवर ओता. आधी माणसाप्रमाणे वेगळं करा (आमच्याकडे आईचा थायरॉइडचा रिपोर्ट बाबांच्या फाइलमध्ये होता), मग वर्षाप्रमाणे. सगळंच सारख्या महत्त्वाचं नसतं. सगळ्यात वर डिस्चार्ज कार्डं, ऑपरेशनची नोट, बायोप्सीचा रिपोर्ट, स्टेंट किंवा गुडघ्याच्या सांध्याचं जे स्टिकर लावलेलं कार्ड देतात ते, टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी), अँजिओग्राफीचा रिपोर्ट, आणि सगळं ठीक असताना काढलेला एखादा इसीजी. हा शेवटचा लोक फेकून देतात. पण छातीत दुखतंय म्हणून नवीन इसीजी काढला की डॉक्टरांना तो कशाशी तरी ताडून बघायचा असतो, जुना हातात असला तर हा बदल आजचा की आधीपासूनचाच हे लगेच कळतं.

साध्या सर्दी-तापाच्या चिठ्ठ्या मी स्कॅन केल्याच नाहीत. मेडिक्लेमची बिलं वेगळ्या पाकिटात.

पायरी २ : स्कॅन करा, पण इसीजीपासून सुरुवात करा

इसीजीचा कागद थर्मल असतो, म्हणजे शाई नसते, उष्णतेने उमटतं. तो दोन-चार वर्षांत फिकट होत जातो आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला तर काही वेळा अजून लवकर. आमच्या आत्याने चांगल्या मनाने काकांचा इसीजी लॅमिनेट करायला दिला, मशीनमधून निघाला तो अख्खा काळा, एक रेघ दिसेना. तेव्हा थर्मल कागद आधी स्कॅन करायचे, झेरॉक्स काढून ठेवायची, आणि लॅमिनेशन अजिबात नाही.

स्कॅनसाठी मोबाईल पुरतो. नुसता फोटो काढू नका, स्कॅन करायची सोय असलेलं ॲप वापरा, म्हणजे कडा कापल्या जातात, सावली जाते आणि चार पानांची एकच पीडीएफ होते. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, कागद सपाट करून. कागदाच्या मागच्या बाजूला डॉक्टरांनी पेनाने काही लिहिलंय का ते बघा, पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते.

फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग काय ते. म्हणजे २०२३-०४-१८ बाबा क्रिएटिनिन. असं नाव दिलं की मोबाईल आपोआप तारखेच्या क्रमाने लावतो. मी सुरुवातीला "बाबा रिपोर्ट नवीन" अशी नावं दिली होती आणि महिन्याभरात चार "नवीन" झाले, सगळी परत बदलावी लागली.

एमआरआय, सीटी स्कॅन, अँजिओग्राफी यांचं थोडं वेगळं आहे. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या उपयोगाचा नसतो, त्यांना मूळ इमेजेस लागतात, ज्या सीडीवर किंवा लिंकवर मिळतात. आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो, म्हणून सेंटरवर आधीच विचारा की पेन ड्राइव्हवर देता का. लिंक मिळाली तर ती कायमची नसते, काही महिन्यांनी उघडत नाही, त्याच दिवशी डाउनलोड करून घ्या. व्हॉट्सॲपवर लॅबने पाठवलेल्या पीडीएफचं पण तेच, फोन बदलला, बॅकअप नव्हता, की गेलं.

पायरी ३ : एका पानाचा गोषवारा

वेळ नसेल तर बाकी सगळं सोडा पण हे एक पान आजच करा. कॅज्युअल्टीत १४० पीडीएफ कोणी बघत नाही, तिथे एक पान लागतं. त्यावर नाव, जन्मतारीख, रक्तगट (रिपोर्ट बघून लिहा, आठवणीने नको), कुठले आजार आणि कुठल्या वर्षापासून, ऑपरेशनं, शरीरात बसवलेलं काही असेल तर ते, कारण एमआरआयच्या आधी ते विचारतातच, ॲलर्जी, शेवटचे महत्त्वाचे आकडे तारखेसकट, चालू गोळ्या, आणि दोन फोन नंबर.

गोळ्यांच्या बाबतीत ब्रँडच्या नावापुढे औषधाचं मूळ नाव लिहाच. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन हे आपल्याला माहीत असतं पण बाकीच्यांचं काय. सासूबाईंच्या बाबतीत डिस्चार्ज कार्डावर बीपीची गोळी एका ब्रँडची होती आणि घरच्या डॉक्टरांची आधीपासून चालू असलेली दुसऱ्या ब्रँडची, दोन्हींत टेल्मिसार्टनच. त्या दहा दिवस दोन्ही घेत होत्या आणि उठल्यावर चक्कर येते म्हणत होत्या. मी हे पान बनवायला बसले आणि दोन्ही पाकिटांची मागची बाजू वाचली तेव्हा कळलं. दोन दवाखान्यांचे दोन कॉम्प्युटर होते, पण दोन्ही पाकिटं एकत्र कोणी बघितलीच नव्हती.

पानावर खाली "शेवटचा बदल" म्हणून तारीख टाका. गोळी बदलली की पान बदलायचं. एक प्रिंट बाबांच्या शर्टाच्या खिशात, एक फ्रिजवर, एक दादाच्या मोबाईलमध्ये.

मुलं परदेशात असतील आणि आई-बाबा तिकडे सहा महिने जाणार असतील तर आकड्यांचं एकक पण लिहा. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, इंग्लंडमध्ये मिलिमोलमध्ये, १८ ने भागायचं, म्हणजे आपली १८० ची साखर तिकडे १० होते. क्रिएटिनिन तर तिकडे मायक्रोमोलमध्ये, १.४ चं १२४ होतं, बघून घाबरायला होतं.

पायरी ४ : आभा कार्ड, आणि त्याने काय होतं काय नाही

आयुष्मान भारत डिजिटल मिशन हे २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं, आभा नंबर, म्हणजे तुमची मेडिकल रेकॉर्ड जोडणारा नंबर, त्यातलाच. १४ अंकी, फुकट, आणि ऐच्छिक. इथे सगळ्यात मोठा घोळ होतो तो असा की आभा कार्ड म्हणजे पाच लाखांचं आयुष्मान कार्ड नव्हे. ते कार्ड उपचाराच्या खर्चासाठी, त्याची पात्रता वेगळी. आभा फक्त रेकॉर्डसाठी, कोणीही काढू शकतं, आणि त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आमच्या सोसायटीतल्या एक काकू आभा कार्ड लॅमिनेट करून बिलिंगला घेऊन गेल्या होत्या आणि रडवेल्या होऊन परत आल्या, म्हणून मुद्दाम लिहिलं.

काढायचं कसं: आभाच्या वेबसाइटवर किंवा आभा ॲपवर आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो टाकला की नंबर तयार. आई-बाबांच्या बाबतीत घोडं अडतं ते ओटीपीवर, कारण आधारला जोडलेलं सिम दहा वर्षांपूर्वीचं असतं, कुठे आहे पत्ता नाही. मग आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाईल नंबर बदलून घ्या. आणि नवीन काढायच्या आधी जुना आहे का बघा, कोविड लसीच्या वेळी आधार दाखवलं असेल तर तेव्हाच तयार झालेला असू शकतो. नंबरासोबत एक आभा ॲड्रेस पण मिळतो, नाव आणि पुढे ॲट एबीडीएम (या मिशनच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असा, तो लक्षात राहील असा घ्या.

फायदा लगेच दिसतो तो ओपीडीच्या रांगेत. ज्या हॉस्पिटलमध्ये स्कॅन अँड शेअरची सोय आहे तिथे नोंदणीच्या काउंटरवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप जातो आणि टोकन मोबाईलवर येतं. नाव आधारवरूनच जात असल्यामुळे स्पेलिंगच्या चुका पण कमी.

आता नीट समजून घ्यायची गोष्ट. आभा नंबर काढला म्हणजे जुने कागद त्यात आपोआप येत नाहीत. रेकॉर्ड ज्या त्या हॉस्पिटलच्या, लॅबच्या सर्व्हरवरच राहतं, आभा हा त्यांना ओवणारा दोरा आहे. हॉस्पिटल या यंत्रणेत जोडलेलं पाहिजे आणि त्यांनी तुमचा नंबर रेकॉर्डला लिंक केला पाहिजे, तरच ते ॲपमध्ये दिसतं. आणि हॉस्पिटलनेच जुना डेटा घालवला असेल, तर दोऱ्यात ओवायला मणीच नाहीत. म्हणून पायरी २ ला पर्याय नाही. ॲपमध्ये स्वतःचे कागद चढवायची सोय असेल तर निवडक चढवा.

दुसऱ्या डॉक्टरांना रेकॉर्ड बघायचं असेल तर तुमच्या ॲपवर परवानगीची विनंती येते. घाईत "ओके" दाबू नका. कोण मागतंय, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासूनचे आणि परवानगी कधीपर्यंत, हे सगळं तिथे दिसतं. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना सगळी दहा वर्षं दाखवायची गरज नसते, तारखा आणि प्रकार कमी करून परवानगी देता येते, नंतर रद्दही करता येते.

पायरी ५ : हॉस्पिटलमधून निघायच्या आधी तपासा आणि मागा

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते, बिल भरलं की रिक्षा. दहा मिनिटं थांबा आणि डिस्चार्ज कार्ड शब्द शब्द वाचा. नाव, वय, स्त्री की पुरुष, डावा की उजवा, गोळ्यांचा डोस, आणि जुने आजार ही ओळ. ही शेवटची ओळ फार महाग पडू शकते. शेजारच्या काकांना डायबेटिस कधीच नव्हता, पण भरतीच्या वेळी फॉर्म भरताना कोणीतरी चुकीच्या चौकोनावर टिक केली आणि कार्डावर "दहा वर्षांपासून मधुमेह" असं आलं. मेडिक्लेमवाल्यांनी जुना आजार लपवला म्हणून क्लेम अडकवला, आणि काकू चार महिने जुने शुगरचे रिपोर्ट घेऊन इकडून तिकडे फिरत होत्या. त्याच दिवशी वॉर्डात सांगितलं असतं तर पाच मिनिटांत दुरुस्त झालं असतं. दुरुस्त प्रत सही-शिक्क्यासकट घ्या, तोंडी "करून टाकतो" वर जाऊ नका.

भरती असतानाचे आतले कागद, म्हणजे इनडोअर केस पेपर, ते पण मागता येतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचं असतं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. लेखी अर्ज करा, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. ही ३ वर्षांची मुदत लक्षात ठेवा, मी सात वर्षांनी फोन करत होते. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा हक्क लिहिलेला आहे.

पायरी ६ : दोन जागी ठेवा आणि कुलूप लावा

एक प्रत मोबाईलमध्ये किंवा क्लाउडवर, दुसरी पेन ड्राइव्हवर घरी. मोबाईलला स्क्रीन लॉक हवाच, पण घरातल्या अजून एकाला तो उघडता आला पाहिजे. फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकायची सवय मला मनापासून चुकीची वाटते. वीस जणांच्या ग्रुपवर आईचा गर्भाशयाचा सोनोग्राफी रिपोर्ट कशाला पाहिजे, तिला विचारलं का कोणी. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, अशा कागदांचं वेगळं फोल्डर करा आणि ज्याचा कागद आहे त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आभाच्या नावाने फोन करून कोणी ओटीपी मागितला तर फोन ठेवा, घरबसल्या कार्ड काढून देतो असं म्हणाला तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पायरी ७ : डॉक्टरांसमोर दाखवायचं कसं

मोबाईल त्यांच्या हातात देऊन "यात सगळं आहे" म्हणू नका. गोषवाऱ्याचं पान पुढे करा आणि त्यांना हवी ती एकच पीडीएफ उघडून द्या. मी वहीत एक साधा तक्ता केलाय, डावीकडे तारीख, पुढे क्रिएटिनिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, बीपी. शक्य असेल तर टेस्ट एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की मशीन आणि रेंज बदलू शकते आणि मग तो चढ खरा की लॅबचा ते कळत नाही. आणि डॉक्टर टाइप करत असतील तेव्हा सांगायची गोष्ट थांबवा, त्यांनी मान वर केली की सांगा. नाहीतर अर्धं त्यांच्या कानावरून जातं.

आमच्याकडे आता दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी आहे. त्यात गोषवाऱ्याची प्रिंट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, जुन्या इसीजीची झेरॉक्स, स्टेंटचं कार्ड, आधार आणि मेडिक्लेम कार्डाच्या प्रती, पेन ड्राइव्ह, मोबाईलचा चार्जर आणि बाबांचा चष्मा. चालू गोळ्यांची पाकिटं मात्र निघताना टाकायची, म्हणून पिशवीला एक चिठ्ठी टाचलीय, "गोळ्या घेतल्या का?"